काळोखाची यात्रा

नाशिक हें क्षेत्र गोदावरीमुळें जितकें प्रसिद्ध आहे, तितकेंच तें एका ग्रहामुळेंही आहे. गुरु सिंह राशींत आला म्हणजे नाशिक-त्र्यंबकेश्वरास सिंहस्थ भरतो, आणि देशाच्या कानाकोपऱ्यांतून लाखों यात्रेकरू गोदेच्या पात्रांत स्नान करावयास येतात. सूर्याभोंवतीं एक फेरी पुरी करावयास गुरूला सुमारें ११.८६ वर्षें लागतात. म्हणून ही पर्वणी स्थूलमानानें दर बारा वर्षांनीं येते, आणि तो अल्पसा फरक सांचत गेला म्हणजे केव्हां तरी एकदां ती अकराव्या वर्षींच येऊन उभी राहते. एका ग्रहाच्या गतीवर एवढ्या मोठ्या जनसमुदायानें आपला प्रवास बेतावा, ही गोष्ट लहान नव्हे.

परंतु या यात्रेंत एक विलक्षण विसंगति आहे. ज्या गुरूसाठीं एवढा मेळा जमतो, तो गुरु त्या दिवसांत सहसा कोणालाच दिसत नाहीं. नाशिकचीं मुख्य स्नानें श्रावण-भाद्रपदांत, सूर्यही सिंह राशीच्या आसपास असतां होतात. सूर्य आणि गुरु असे शेजारीं आले म्हणजे गुरु सूर्याच्या तेजांत लोपतो. पंचांगकर्ते त्यालाच गुरूचा अस्त म्हणतात. २०१५ सालीं नाशिकास पहिलें शाही स्नान २९ ऑगस्ट रोजीं झालें, आणि त्यापूर्वीं तीनच दिवस, २६ ऑगस्टला, गुरु पृथ्वीवरून पाहतां सूर्याच्या बरोबर पलीकडे जाऊन पोंचला होता. त्यांत भर पावसाळी ढगांची. सारांश, सिंहस्थाचें पुण्य जोडणाऱ्यानें सिंहेचा गुरु डोळ्यांनीं पाहिलेला असतोच, असें नाहीं.

ज्याला तो पाहावयाचा असेल त्यानें दुसरी यात्रा केली पाहिजे. तिचा ऋतु हिवाळ्याचा, तिथि अमावास्येच्या आसपासची, वेळ रात्रीची. स्थळाचा विचार मात्र जरा निराळा आहे. गुरु तेजस्वी असल्यामुळें तो शहरांतील गच्चीवरूनही दिसतो. पण ज्या सिंहांत तो येऊन बसतो, तो सिंह शहरांतून हरवला आहे. मघेचा एकटा ठळक तारा कसाबसा लुकलुकतो. मानेच्या विळ्याचा आणि शेपटीचा आकार पुरा होत नाहीं. राजा दिसतो, सिंहासन दिसत नाहीं. तें पाहावयाचें तर दिवे मागें टाकून खेड्याकडे, डोंगराकडे जावें लागतें. अशा प्रवासाला आज महाराष्ट्रांत चांगलेंच रूप आलें आहे. नवशिक्या हौशी मंडळींसाठीं रात्रभराचे आकाशदर्शनाचे कार्यक्रम होतात, सुटींतलीं शिबिरें भरतात. जी गोष्ट एके काळीं प्रत्येक अंगणांत फुकट मिळे, तिच्यासाठीं माणसाला गांव सोडून जाण्याची पाळी कशी आली, याचा इतिहास उद्बोधक आहे.

पूर्वीं काळोख शोधावयास कोणी कोठें जात नसे. तो दाराशींच असे. पहांटे मोटेला बैल जुंपणारा शेतकरी आणि रानांत मेंढरें घेऊन राहणारा धनगर, तारे कोठवर आले हें पाहून रात्र किती उरली तें सांगत. सप्तर्षींच्या आकृतींत खेड्यांतील लोकांना ऋषि दिसत नसत. त्यांना एक बाज दिसे, आणि ती चोरून नेणारे तीन चोर दिसत. हें ज्ञान पुस्तकांतलें नव्हतें. रोजच्या पाहण्यांतलें होतें.

शास्त्री मंडळींचेंही पाहणें याच आकाशाखालीं चाले. नाशिकहून मनमाड-नांदगांवच्या वाटेनें खानदेशांत शिरलें म्हणजे चाळीसगांव लागतें. तेथून सुमारें १८ किलोमीटरांवर डोंगराच्या कुशींत पाटणादेवीचें स्थान आहे. तेथील एक शिलालेख एकोणिसाव्या शतकांत डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं विद्वानांच्या नजरेस आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा देवगिरीच्या सिंघण यादवाच्या पदरीं ज्योतिषी होता. त्यानें आजोबांच्या ग्रंथांचें अध्ययन चालावें म्हणून येथें मठ स्थापन केला आणि १२०७ च्या सुमारास त्याला दानें मिळालीं, असें त्या लेखावरून कळतें. ‘सिद्धान्तशिरोमणि’ हा ग्रंथ भास्कराचार्यांनीं ११५० सालीं, वयाच्या छत्तिसाव्या वर्षीं रचला. त्यांत वेधाच्या यंत्रांवर एक स्वतंत्र अध्याय आहे. नाना यंत्रांचें वर्णन केल्यावर आचार्य ज्या यंत्राला श्रेष्ठ ठरवितात, तें धीयंत्र, म्हणजे बुद्धीचें यंत्र. आणि त्यासाठीं हातांत लागते ती केवळ एक काठी! आकाश पाहावयास प्रथम डोळा आणि बुद्धि पाहिजे, उपकरणें मागाहून, हा धडा नवशिक्यांना आजही प्रथम द्यावा लागतो.

कोंकणांतील नांदगांवच्या केशव दैवज्ञाची गोष्ट अशीच बोधप्रद आहे. ग्रंथांतील गणित आणि प्रत्यक्ष आकाश यांचा मेळ बसेना, तेव्हां त्यानें स्वतः ग्रहांचे वेध घेतले. त्याचा पुत्र गणेश दैवज्ञ यानें १५२० सालीं ‘ग्रहलाघव’ लिहिला, आणि पुढें कित्येक पिढ्या महाराष्ट्रांतील पंचांगें त्याच ग्रंथावरून तयार होत राहिलीं. तें पंचांग घराघरांत पोंचलें, आणि त्याबरोबर हळूहळू एक बदल झाला. गुरु कोठें आहे हें कळण्यासाठीं आकाशाकडे पाहण्याचें कारण उरलें नाहीं. तें छापील पानावर मिळूं लागलें. आकाशाचा विसर पडावयास विजेचे दिवे येईपर्यंत थांबावें लागलें नाहीं. त्याची सुरुवात भरपूर अंधार होता तेव्हांच झालेली होती.

हा विसर ज्यांना खुपला त्यांत शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचें नांव अग्रभागीं घ्यावें लागेल. दापोलीजवळच्या मुरुड गांवीं १८५३ सालीं जन्मलेले दीक्षित हे पेशानें शिक्षक. १८९६ सालीं प्रसिद्ध झालेला त्यांचा भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास हा आजही अभ्यासकांचा आधार आहे. पण विद्वानांसाठीं तो प्रचंड ग्रंथ रचणाऱ्या याच गृहस्थांनीं सामान्य वाचकांसाठीं एक निराळें पुस्तक लिहिलें. ‘ज्योतिर्विलास अथवा रात्रीची दोन घटका मौज’ हें त्याचें नांव. त्या नांवांतच एका काळाचें चित्र आहे. घटका म्हणजे २४ मिनिटें. दोन घटका म्हणजे पाऊण तासाहून किंचित् अधिक वेळ. जेवणें आटोपल्यावर आणि निजण्यापूर्वीं मोकळा असणारा एवढाच वेळ. प्रवास नाहीं, खर्च नाहीं; घराबाहेर येऊन मान वर केली म्हणजे झालें. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मराठी गृहस्थाला आकाशाची मौज एवढ्या स्वस्तांत मिळत होती. उणीव होती ती वाटाड्याची, आणि ती दीक्षितांनीं भरून काढली.

दीक्षितांच्या निधनाच्याच वर्षीं, म्हणजे १८९८ सालीं, आकाश पाहण्यासाठीं दूरचा प्रवास करणारी माणसें महाराष्ट्रांत आलीं. २२ जानेवारीला खग्रास सूर्यग्रहण होतें आणि त्याच्या छायेचा पट्टा कोंकण किनाऱ्यापासून थेट वऱ्हाडापर्यंत महाराष्ट्रावरून जात होता. सर नॉर्मन लॉकियर यांनीं विजयदुर्गास तळ दिला. सोलापूर जिल्ह्यांतील जेऊर येथें पुण्याच्या वेधशाळेचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगांववाला आणि अमेरिकेंतील लिक वेधशाळेची मंडळी यांचे तंबू पडले. वऱ्हाडांतील तळणी या आडगांवीं आलेली मंडळी मात्र विशेष ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. ती होती ब्रिटिश अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल असोसिएशन या, मुख्यतः हौशी निरीक्षकांच्या, संस्थेची. त्यांत ॲनी माँडर या विदुषी होत्या. एका लहानशा कॅमेऱ्यानें त्यांनीं सूर्याच्या प्रभामंडलांतील, सूर्यबिंबाच्या व्यासाच्या कित्येक पट लांबीच्या, एका किरणशलाकेचें छायाचित्र घेतलें. त्यांच्याबरोबर जॉन एव्हरशेड हे होते. त्या वेळीं तेही हौशीच. पुढें ते कोडाईकनाल वेधशाळेचे संचालक झाले. हौशी माणसानें रजा काढून आडरानांतल्या एका गांवीं यावें आणि शास्त्रांत भर घालून परत जावें, याचें याहून चांगलें उदाहरण महाराष्ट्राच्या भूमीवर सांपडणें कठीण.

या ग्रहणाशीं एक दंतकथा चिकटली आहे. विजयदुर्गावर लॉकियर यांच्या उपकरणांसाठीं बांधलेले ओटे आजही ‘साहेबाचे ओटे’ म्हणून दाखविले जातात, आणि हेलियम वायूचा शोध तेथेंच १८६८ सालीं लागला असें सांगितलें जातें. वस्तुस्थिति निराळी आहे. १८६८ च्या ऑगस्टांतलें ग्रहण फ्रेंच ज्योतिषी जान्सेन यांनीं गुंटूर येथून पाहिलें; लॉकियर त्या वेळीं इंग्लंडांत होते, आणि त्यांनीं ऑक्टोबरांत ग्रहणावांचूनच सूर्याच्या कडेचा वर्णपट तपासला. विजयदुर्गाचे ओटे तीस वर्षांनंतरचे. खरा इतिहास दंतकथेहून कमी मोलाचा मुळींच नाहीं. विजयदुर्ग, जेऊर आणि तळणी या तीन ठिकाणीं एकाच दिवशीं जगाच्या तीन बाजूंचे निरीक्षक आले होते, हा मान पुरेसा आहे.

मात्र हे प्रवासी सावलीसाठीं आले होते, अंधारासाठीं नव्हे. अंधार तर त्यांना मायदेशींच्या खेड्यांतही मिळत होता. अंधारासाठीं प्रवास ही कल्पना पुढील शतकाची आहे, आणि ती कशी उदयास आली हें हॅलेच्या धूमकेतूच्या दोन फेऱ्या शेजारीं ठेवल्या म्हणजे उमगतें.

१९१० सालीं हा धूमकेतु २० एप्रिल रोजीं सूर्याच्या अत्यंत निकट आला, आणि मे महिन्यांत पृथ्वीच्या पुष्कळच जवळून गेला. पहांटेच्या आकाशांत त्याची लांब शेपटी पसरली. ती पाहावयास कोणाला तिकीट काढावें लागलें नाहीं. अंथरुणांतून उठावें लागलें एवढेंच. तोच पाहुणा १९८६ सालीं फिरून आला. या खेपेस ९ फेब्रुवारीला तो सूर्याच्या निकट पोंचला तेव्हां पृथ्वी सूर्याच्या विरुद्ध बाजूस होती. त्यामुळें तो मुळांतच फिका होता. पण त्याचा उरलासुरला प्रकाश गिळून टाकला तो शहरांच्या उजेडानें. मुंबईच्या गच्चीवर उभें राहून हजारों लोकांनीं डोळे ताणले आणि त्यांच्या पदरीं निराशा आली. शहराच्या आकाशांतून कांहीं तरी निघून गेलें आहे, ही जाणीव सर्वसामान्य माणसाला त्या वर्षीं प्रथमच इतक्या स्पष्टपणें झाली.

मधल्या काळांत दोन गोष्टी घडल्या होत्या. पहिली १९४४ सालची. त्या वर्षीं २२ ऑगस्टला पुण्यास ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली. हौशी आकाशनिरीक्षकांची भारतांतील ही सर्वांत जुनी संस्था. योगायोग असा कीं, त्या वेळीं गुरु सिंह राशींतच होता, आणि जगांत महायुद्ध चालू होतें. अमेरिकेंत लॉस एंजेलिस शहराचे दिवे युद्धामुळें मंद केले गेले, तेव्हां जवळच्या माउंट विल्सन वेधशाळेंत वाल्टर बाडे या शास्त्रज्ञानें त्या अंधाराचा लाभ घेऊन देवयानी दीर्घिकेच्या गाभ्यांतले तारे प्रथमच सुटेसुटे छायाचित्रित केले, आणि १९४४ सालीं तें संशोधन प्रसिद्ध झालें. त्या काळच्या सर्वांत मोठ्या दुर्बिणीलाही शहराचा उजेड कसा आड येतो, याचा तो रोकडा पुरावा होता. दुसरी गोष्ट १९७७ सालची. त्या वर्षीं मुंबईंत नेहरू तारांगण सुरू झालें. छताखालीं, यंत्राच्या साह्यानें, हवें तें आकाश हवें तेव्हां दिसूं लागलें. लोकशिक्षणाच्या दृष्टीनें हें कार्य मोठेंच. तथापि शहरांतल्या मुलाला तारे प्रथम घुमटाखालीं भेटावे, हा काळाचा महिमा म्हणावयाचा.

मग केवळ ज्ञान वाढलें म्हणजे भीति जाते आणि माणूस आकाशाकडे वळतो, असें समजावें काय? तसेंही नाहीं. १६ फेब्रुवारी १९८० रोजीं दक्षिण भारतावरून खग्रास ग्रहणाची छाया गेली, आणि महाराष्ट्रांत खंडग्रास ग्रहण लागलें. त्या दुपारीं शहरांतले रस्ते ओस पडले. अनेक सुशिक्षित कुटुंबांनींही दारें-खिडक्या लावून घेणेंच पसंत केलें. ही भीति व्याख्यानांनीं जेवढी गेली नसती तेवढी प्रत्यक्ष पाहण्यानें गेली. हॅलेच्या फेरीच्या सुमारास मुंबईंत खगोल मंडळ आणि कल्याणास आकाशमित्र मंडळ उभें राहिलें. या मंडळांनीं ओळखलें कीं, आकाश लोकांकडे आणतां येत नसेल तर लोकांनाच आकाशाकडे नेलें पाहिजे. मध्य रेल्वेवर बदलापूर आणि नेरळ यांच्या दरम्यान असलेलें वांगणी हें गांव त्यामुळें हौशी मंडळींच्या तोंडीं झालें. संध्याकाळच्या लोकलनें जावें, रात्रभर उघड्यावर बसून आकाश पाहावें आणि उजाडतां परत फिरावें, असा तेथला क्रम. दीक्षितांच्या दोन घटकांची आतां पुरी एक रात्र झाली, आणि अंगणाची जागा रेल्वेच्या प्रवासानें घेतली.

अशा रात्रीं प्रथमच येणाऱ्या माणसाला जो अनुभव येतो तो मोठा मौजेचा असतो. शहरांत नकाशावरून तो चार नक्षत्रें पाठ करून येतो. पण खऱ्या काळोखांत तीं त्याला सांपडत नाहींत. कारण तारे कमी पडलेले नसतात, फार झालेले असतात! उत्तम आकाशांत नुसत्या डोळ्यांनीं एका वेळीं दोन-अडीच हजार तारे दिसतात. त्या गर्दींत ओळखीचे चेहरे हरवतात. शिवाय डोळ्यालाही सवड द्यावी लागते. बाहुली क्षणांत मोठी होते. पण पडद्यांतील जें द्रव्य मंद प्रकाश टिपतें, तें पुरतें भरून यावयास अर्धा तास तरी लागतो. एवढ्यांत कोणी पांढरा दिवा पेटविला कीं सारी कमाई क्षणांत बुडते. म्हणून जाणते लोक विजेरीवर तांबडा कागद बांधतात. तांबड्या प्रकाशानें डोळ्याची ही सिद्धता फारशी मोडत नाहीं.

मग ओळख सुरू होते. प्रथम सप्तर्षि किंवा शर्मिष्ठा, त्यावरून ध्रुव, मग मृग, व्याध, रोहिणी, कृत्तिका. हात लांब करून मूठ धरली म्हणजे ती सुमारें १० अंश व्यापते. नाशिकचें अक्षांश २० असल्यामुळें ध्रुव क्षितिजापासून बरोबर दोन मुठी उंच सांपडतो. भास्कराचार्यांचें धीयंत्र हेंच नव्हे काय? दुर्बिणीची पाळी येते ती यानंतर. आणि शनीचें कडें किंवा गुरूचे चार चंद्र पाहून भिंगापासून दूर होतांना नवशिक्याच्या तोंडून जो उद्गार निघतो, तो वय आणि शिक्षण यांचे भेद जाणत नाहीं.

नाशिकच्या परिसराला या विद्येची जणू निसर्गानेंच देणगी दिली आहे. पुणे आणि नाशिक यांच्यामधल्या पट्ट्यांत शास्त्रज्ञांनीं दोन मोठीं केंद्रें वसविलीं आहेत. नारायणगांवाजवळ खोडद येथें ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आहे. तिला उजेडाची नव्हे, तर रेडिओलहरींच्या गोंगाटाची अडचण असते, आणि तो गोंगाट येथें कमी म्हणून ही जागा निवडली गेली. त्याच भागांत गिरवलीच्या डोंगरावर २००६ पासून २ मीटर व्यासाच्या आरशाची दुर्बीण आहे. जी शांतता आणि जो काळोख शास्त्रज्ञांनीं मोजून-मापून निवडला, तोच थोडा पुढें, कळसूबाईच्या आणि भंडारदऱ्याच्या परिसरांत, आणि उत्तरेस बागलाणांत साल्हेर-मुल्हेरच्या बाजूस, हौशी मंडळी शोधीत असतात. कळसूबाई १,६४६ मीटर, साल्हेर १,५६७ मीटर. उंचीवर हवेंतली धूळ खालीं राहते. पावसाळ्याचे चार महिने सोडले तर ऑक्टोबरपासून मेपर्यंत आकाशाची कृपा असते.

युरोपांतल्या निरीक्षकाला हेवा वाटावा असेंही कांहीं येथें आहे. लंडनच्या माणसाला जन्मांत घरबसल्या न दिसणारा अगस्ति नाशिकच्या दक्षिण क्षितिजावर सुमारें १७ अंश चढतो. वसंतांतल्या रात्रीं त्रिशंकूही क्षितिजाला लागून क्षणभर उभा राहतो. मात्र दक्षिणेस डोंगर आड नसावा. हिवाळ्यांत देवयानी दीर्घिका नुसत्या डोळ्यांना पुसट डागासारखी दिसते. तिचा प्रकाश २५ लाख वर्षांपूर्वीं निघालेला आहे. आणि ज्या सिंहस्थाच्या गुरूपासून हा विषय निघाला, त्याचेंही दर्शन याच ऋतूंत घडतें. २०२७ च्या फेब्रुवारीचा दुसरा आठवडा हा गुरु सूर्याच्या समोर येण्याचा काळ. मघेच्या थोडा पश्चिमेस, कर्क आणि सिंह यांच्या सीमेवर, तो संध्याकाळीं उगवून सारी रात्र आकाशांत राहतो. ऑगस्ट-सप्टेंबरांत, म्हणजे स्नानाच्या दिवसांत, तो पुनः सूर्याच्या तेजांत जातो. पर्वणीच्या आधीं सहा महिने ही दुसरी पर्वणी येते. तिला मुहूर्त लागत नाहीं आणि गर्दीही होत नाहीं.

तथापि या काळोखाचें आयुष्य किती, हा प्रश्न आतां टाळतां येत नाहीं. २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या जगाच्या प्रकाश-नकाशावरून असें दिसून आलें कीं, जगांतील ८० टक्क्यांहून अधिक लोक उजेडानें मळलेल्या आकाशाखालीं राहतात, आणि एकतृतीयांशाहून अधिक लोकांना आकाशगंगा दिसतच नाहीं. शहरें पसरतात, महामार्गांवर दिव्यांच्या रांगा लागतात, आणि डोंगरामागें दूरवर असलेल्या नगराचा पिंवळट उजेड क्षितिजावर चढून येतो. त्याहून दुःखाची गोष्ट ही कीं, जे प्रवासी काळोखासाठीं येतात तेच पुष्कळदां आपल्याबरोबर उजेड घेऊन येतात. त्यांच्यासाठीं उभारलेल्या विश्रामगृहांच्या आवारांत रात्रभर दिवे जळतात. मोटारींचे झोत वळणावळणावर फिरतात. भंडारदऱ्याच्या रानांत पावसाळ्याच्या तोंडावर झाडेंच्या झाडें काजव्यांनीं लुकलुकतात. तो लुकलुकाट म्हणजे नर-मादीची परस्परांना खूण असते, आणि परक्या दिव्यापुढें ती खूण विझते. ताऱ्यांचें नुकसान होत नाहीं. ते आपल्या जागीं असतात. काजव्याला मात्र त्याचा संसारच गमवावा लागतो.

याला उपाय म्हणून खेड्यांनीं अंधारांतच राहावें, असें शहरानें सांगणें हा अन्याय होईल. ज्या बाईला रात्रीं विहिरीवरून किंवा शेतावरून घरीं यावयाचें असतें, जिच्या वाटेवर विंचवा-सापाचें भय असतें, तिला दिवा पाहिजेच. तिनें पिढ्यान्पिढ्या त्याची वाट पाहिली आहे. प्रश्न दिवा असावा कीं नसावा हा नाहींच. त्याचें तोंड कोणीकडे असावें हा आहे. रस्त्यावर पडणारा उजेड माणसाच्या कामीं येतो. वर जाणारा उजेड कोणाच्याच कामीं येत नाहीं, आणि त्याचे पैसे मात्र मोजावे लागतात.

ही गोष्ट करून दाखवितां येते, याला आतां महाराष्ट्रांतच पुरावा आहे. अमेरिकेंत फ्लॅगस्टाफ नगरानें जवळच्या वेधशाळेसाठीं १९५८ सालींच जाहिरातींच्या शोधदिव्यांवर बंदी घातली होती. महाराष्ट्रांत विदर्भांतील पेंच व्याघ्र प्रकल्पानें हें व्रत घेतलें. जंगलालगतच्या गांवांतले शंभराहून अधिक दिवे बदलून खालीं तोंड असलेले दिवे बसविण्यांत आले, आणि २०२४ च्या जानेवारींत पेंचला भारतांतील पहिलें काळोख्या आकाशाचें उद्यान म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. गांवें अंधारांत गेलीं नाहींत. त्यांचे रस्ते उजळलेलेच राहिले. उजळणें थांबलें तें फक्त आकाशाचें.

नदी एकदां मळली म्हणजे निर्मळ व्हावयास वर्षें लागतात, हें गोदाकांठच्या लोकांना सांगावयास नको. आकाशाचें तसें नाहीं. दिव्याला झांकण बसविलें कीं त्याच रात्रीं आकाश परत मिळतें. त्यासाठीं ना निधि सांचवावा लागतो, ना पिढी खर्ची घालावी लागते. मनुष्यानें बिघडविलेल्या वस्तूंपैकीं इतक्या सहजपणें दुरुस्त होणारी दुसरी वस्तु क्वचितच असेल. म्हणून डोंगरावर एक रात्र काढून परतणाऱ्या नवशिक्यावर एक लहानसें कर्तव्य येऊन पडतें. त्यानें आपल्या घराच्या, आपल्या सोसायटीच्या, आपल्या गल्लीच्या दिव्याकडे एकदां मान वर करून पाहावें, आणि त्याचा उजेड कोठें जातो एवढें तपासावें. पंधरा-वीस दिव्यांचीं तोंडें खालीं वळलीं, तर आकाशगंगा कदाचित् गल्लींत उतरणार नाहीं. पण सिंहाच्या मानेचा विळा गच्चीवरून पुनः ओळखूं येईल, आणि घरांतल्या मुलांना रात्रीची दोन घटका मौज घरींच मिळूं लागेल.